गिझरचं वय कॅलेंडरवर मोजायचं की हिवाळ्यांवर?

वाचकाचं पत्र : नमस्कार. आम्ही नागपुरात मानेवाडा रोडला राहतो. घर दोन मजली, स्वतःचं. नळाचं पाणी येतं, पण पुरत नाही म्हणून घरचं बोअरिंगही आहे आणि दोन्ही पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत चढतं. बाथरूममधला १५ लिटरचा गिझर ११ वर्षांचा आहे. यंदा दिवाळीनंतर सुरू केला तर पहिल्या दिवशी तांबूस पाणी आलं. अजूनही सकाळी पहिल्या मगात तांबूसपणा असतो. आधी दोन बादल्या छान गरम पाणी निघायचं, आता दुसरी बादली कोमटच. सुरू असताना आतून खडखड येते आणि खालून थेंब थेंब गळतं. सासूबाई म्हणतात, नळाला हात लावला की झिणझिण होतं. बाकी कोणाला तसं जाणवत नाही. प्लंबर म्हणतो, गळणाऱ्या व्हॉल्व्हचं तोंड एम-सीलनं बंद करून देतो. दुकानदार म्हणतो, दहा वर्षं झाली, नवीन घ्या. मामंजी म्हणतात, ‘चालून राह्यला ना, मग कायले बदलवता? वर्षातून तीन-चार महिने तं चालते, अकरा वर्षांचा कुठं झाला तो!’ यांचं म्हणणं, घ्यायचाच तर गॅस गिझर घेऊ, विजेचं बिल वाचेल. कोणाचं ऐकू?
— एक सूनबाई, मानेवाडा

ताई, पत्रात तुम्ही झिणझिण्याची गोष्ट मधेच कुठेतरी टाकली आहे. माझ्या लेखी ती पहिली ओळ आहे. हे वाचून होईपर्यंत थांबू नका, आधी उठून गिझरचा एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा खटका, खाली पाडा. भिंतीवरचं बटण बंद केलं एवढ्यावर भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये पुष्कळदा बटण फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रलवर (परतीची तार) बसवलेलं असतं, त्यामुळे दिवा विझतो पण पाणी तापवणाऱ्या एलिमेंटपर्यंत करंट तसाच पोचलेला असतो. प्लग असेल तर कोरड्या हातानं, पायात चप्पल घालून तोही काढून ठेवा. गिझर पाहून होईस्तोवर सासूबाईंच्या आंघोळीचं पाणी गॅसवर पातेल्यात तापवा. बादलीत रॉड टाकण्याचा मोह नको, एका धोक्यातून दुसऱ्यात जाणं होईल ते.

बाकीच्यांना झटका का जाणवत नाही, याचं कारण बहुधा साधं निघेल. घरातले बाकीचे बटण बंद करून आंघोळीला जात असतील किंवा पायात स्लिपर असेल. सासूबाई ओल्या फरशीवर अनवाणी असतील आणि गिझर मागे सुरूच असेल. विचारून बघा. त्यांच्या वयाचा, बीपीचा किंवा ‘मनाला वाटतं’ असला काही संबंध इथे लावू नका.

हे होतं कसं? एलिमेंट म्हणजे धातूची वाकवलेली नळी. तिच्या आत तापणारी तार असते, आणि तार व नळी यांच्यामध्ये पांढरी भुकटी ठासलेली असते. ही भुकटी उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. नळीला बारीक चीर गेली की पाणी भुकटीत शिरतं आणि थोडा करंट पाण्यात उतरतो. अर्थिंग ठीक असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर नळापर्यंत येतो, आणि नळाला हात लावणाऱ्यातून वाट काढतो. म्हणजे तुमच्याकडे दोन दोष आहेत. एक गिझरात आणि दुसरा घराच्या अर्थिंगमध्ये. नवा गिझर बसवला आणि अर्थिंग तसंच ठेवलं तर पहिला दोष तेवढा जाईल. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो आणि वर्षानुवर्षं त्यात कोणी तांब्याभर पाणी ओतत नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंग मीटर लावून मोजायला सांगा. सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून ‘झालं अर्थिंग’ म्हणणारे महाभाग आहेत, तो प्रकार करू देऊ नका.

त्याच फेरीत मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. पुष्कळांची समजूत असते की एमसीबी आहे म्हणजे शॉक लागणार नाही. एमसीबी जास्त लोड आला किंवा शॉर्ट झाला तर पडतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या हिशेबात चिल्लर असतो, त्याला पत्ताही लागत नाही. तो चिल्लर करंट ओळखून वीज तोडायचं काम आरसीसीबीचं. त्यावर एक टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. दाबल्यावर खटका पडला नाही तर तो नुसता शोभेचा आहे.

आता गळतीकडे. प्लंबर आणि दुकानदार दोघेही गिझर न उघडताच बोलले असं पत्रावरून दिसतं. पाणी नेमकं कुठून गळतं हे पाहिल्याशिवाय दुरुस्ती की नवा, हे ठरवता येत नाही. गळणारी पहिली जागा म्हणजे थंड पाण्याच्या पाइपवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर गेलं तर साधारण पाव लिटरनं वाढतं. टाकी बंद असल्यामुळे ते जादा पाणी व्हॉल्व्हच्या तोंडातून थेंब थेंब बाहेर पडतं. तापताना गळणं आणि तापून झाल्यावर थांबणं, ही व्हॉल्व्ह धड असल्याची खूण आहे. हे तोंड एम-सीलनं बुजवायचं म्हणणाऱ्या प्लंबरला चहा पाजा आणि परत पाठवा. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा भाग, अडकला आणि वाफेला जायला वाट नसली तर टाकी फुटते, आणि ती फुटते तेव्हा बाथरूमची भिंतही जागेवर राहत नाही. व्हॉल्व्ह दिवसभर गळतच असेल तर तो बदलायचा. बुजवायचा कधीच नाही. आणि त्याला एक बारीक नळी जोडून ती मोरीकडे सोडायची, म्हणजे खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर गरम थेंब पडत नाहीत.

दुसरी जागा पाइपांच्या जोडांची. ते काम अर्ध्या तासाचं, त्यावर जास्त बोलत नाही.

तिसरी जागा खालच्या प्लास्टिकच्या झाकणाची कड. तिथून पाणी येत असेल तर मेकॅनिककडून झाकण उघडवून घ्या आणि स्वतः मोबाइलचा टॉर्च मारून आत बघा. एलिमेंट ज्या गोल चकतीवर बसवलेलं असतं तिच्या बोल्टांभोवती ओल दिसली तर रबरी गॅस्केट गेलं आहे. ते स्वस्तात बदलतं. पण चकती कोरडी आहे आणि पाणी वरून, टाकी आणि बाहेरचं आवरण यांच्या मधल्या फोममधून झिरपतंय, फोम ओला होऊन त्यावर गंजाचा तपकिरी ओघळ उतरलाय, असं दिसलं तर टाकीला भोक पडलं आहे. त्याला औषध नाही. कोणी वेल्डिंग करून देतो म्हणाला तरी हो म्हणू नका. आजकालच्या बहुतेक टाक्या लोखंडी पत्र्याच्या असतात आणि आतून काचेसारखा लेप असतो. वेल्डिंगच्या आचेनं तो लेप उडतो. इनॅमलच्या मगाचा टवका उडाला की तिथूनच गंज धरतो ना, तसं महिन्याभरात शेजारी दुसरं भोक तयार.

तांबूस पाण्याचीही एक घरगुती तपासणी आहे. नवा गिझर येईपर्यंत हा चालवायचा नाही, पण त्यातलं पाणी काढायला वीज लागत नाही. सकाळी पांढऱ्या मगात आधी थंड नळाचं पाणी घ्या, मग दुसऱ्या मगात गरम नळाचं. दोन्ही तांबूस असतील तर जुने लोखंडी पाइप किंवा गच्चीवरची टाकी दोषी. फक्त गरम नळाचं तांबूस असेल तर गंज गिझरच्या पोटात आहे. उन्हाळाभर पडून असलेल्या गिझरातून पहिल्या दिवशी गढूळ पाणी येणं चालून जातं, पण तुमच्याकडे ते रोज येतंय. लक्षण चांगलं नाही.

आणि आता मामंजींचा हिशेब. तो मला आवडला, कारण नागपुरात तो अर्धा बरोबर आहे. आपल्याकडे होळीनंतर गिझर कोण लावतो? मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही, उलट त्यात थंड पाणी मिसळावं लागतं. गिझरची खरी गरज नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा मात्र थंडी चेष्टा करत नाही, २९ डिसेंबर २०१८ ला शहराचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तर वर्षाला चार महिने धरले तर ११ वर्षांत तुमचं एलिमेंट चारेक वर्षंच चाललं. थर्मोस्टॅटचे खटकेही तेवढेच कमी पडले. या दोन वस्तूंचं वय हिवाळ्यांवर मोजायचं हे मामंजींचं म्हणणं खरं.

टाकीला हा हिशेब लागू नाही. गिझर बंद असला तरी पोटात पाणी बाराही महिने असतं आणि गंजायला वीज लागत नाही. पाणी तापलं की गंज वेगानं चढतो, थंड असलं की हळू, पण थांबत नाही. त्यातून आपला उन्हाळा असा, की बंद गिझरातलं पाणीही चांगलंच कोमट असतं. त्या टाकीला वाचवण्यासाठी आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, तिला ॲनोड म्हणतात. पाण्याला धातू खायचा असतो, ते आधी ही कांडी खातं आणि कांडी संपेपर्यंत टाकीच्या वाटेला कमी जातं. ॲनोड संपला की त्याची पाळी संपली आणि टाकीची सुरू झाली. कांडी काही शे रुपयांची. साध्या पाण्यात दोन वर्षांनी आणि बोअरिंगच्या पाण्यात दरवर्षी काढून बघावी, बोटाएवढी जाड कांडी झिजून आतली तार दिसू लागली की बदलावी. तुमच्या गिझरची ११ वर्षांत कधी बदलली का? मला वाटतं, घरात कोणाला ती आहे हेच ठाऊक नसेल. तो तुमचा दोष नाही, विकताना कोणी सांगत नाही आणि सर्व्हिसवाला धूळ झटकून सही घेऊन जातो.

तेव्हा टाकीचं वय कॅलेंडरवर मोजायचं, एलिमेंटचं हिवाळ्यांवर. चांगलं पाणी आणि वेळेवर बदललेला ॲनोड असला तर टाकी दहा-बारा वर्षं जाते, कधी त्याहूनही जास्त. जड, म्हणजे जास्त क्षारांच्या पाण्यात आणि बिनदेखभालीची पाच-सात वर्षांतही हार मानते. दुकानदाराची ‘दहा वर्षं झाली, बदला’ ही सरसकट घोषणाही म्हणून मला पटत नाही. पेंच धरणाचं नळाचं पाणी येणाऱ्या घरातला बारा वर्षांचा गिझर ठणठणीत असू शकतो आणि नुसत्या बोअरिंगवर चालणाऱ्या एखाद्या फ्लॅट स्कीममधला सहा वर्षांचा मोडीत निघालेला.

तुमचं पाणी किती जड आहे हे ओळखायला प्रयोगशाळा नको. कुलर गच्चीवर किंवा खिडकीत अजून असेलच. त्याच्या पंपाची जाळी आणि ताट्यांच्या कडा बघा. पांढरा खरखरीत थर चढला असेल, नखानं खरवडला तर टवके पडत असतील, तर तेच क्षार गिझरात आहेत. कुलरमध्ये पाणी उडून जातं म्हणून थर लवकर चढतो. गिझरात पाणी ६० अंशांच्या वर गेलं की तो भराभर चढतो. त्यामुळे थर्मोस्टॅट ७५ वर ठेवून वर बादलीभर थंड पाणी मिसळण्यात काही शहाणपण नाही. ५५ ते ६० पुरे.

तुम्ही लिहिलेली खडखड याच थराची. थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, ती फुटून बाहेर येते, सुटलेले टवके टाकीच्या तळाशी उड्या मारतात. थरामुळे वीज जास्त जळते असं सगळेच सांगतात, पण ते फारसं खरं नाही. एलिमेंट पाण्यातच बुडालेलं आहे, उष्णता जाऊन जाऊन जाणार कुठे? उशिरा का होईना पाण्यातच जाते. थराचं खरं नुकसान वेगळं. एलिमेंट आतल्या आत अती तापून चिरतं, म्हणजे पुन्हा त्या झिणझिण्यावर आलो. आणि थर्मोस्टॅटच्या भोवती गाळ जमला की त्याला पाणी तापल्याचा भास होतो, तो लवकर बंद पडतो.

दुसरी बादली कोमट येण्याचं एक कारण हे. दुसरं कारण मेकॅनिक क्वचितच बघतात. गरम पाणी बाहेर नेणारी नळी आत टाकीच्या माथ्यापर्यंत उभी गेलेली असते, कारण गरम पाणी वर जमतं. ती नळी गंजून मधेच भोक पडलं तर खालचं थंड पाणीही तिच्यातून ओढलं जातं. वरचं चांगलं गरम पाणी टाकीत तसंच राहतं आणि तुमच्या बादलीत कोमट येतं. हिशेबानं बघा : १५ लिटर पाणी ६० अंशांचं, त्यात तेवढंच २० अंशांचं मिसळलं की ४० अंशांचं ३० लिटर, म्हणजे बरोबर दोन बादल्या. आणि २ किलोवॅटच्या एलिमेंटला ते १५ लिटर तापवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, वीज पाऊण युनिटच्या आसपास. तुमच्या घरी यापेक्षा फार वेगळं घडत असेल तर आत काहीतरी मोडलेलं आहे.

मग काय करायचं? मेकॅनिकला बोलवून झाकण उघडायला लावा. ओल फक्त गॅस्केटची निघाली, तरी एलिमेंट, थर्मोस्टॅट, गॅस्केट, ॲनोड आणि व्हॉल्व्ह मिळून खर्च नव्याच्या निम्म्यावर जाईल आणि ११ वर्षांची गंजू लागलेली टाकी तशीच राहील. मी तो खर्च करणार नाही. टाकीच झिरपत असेल तर प्रश्नच मिटला. तांबूस पाणी, झिणझिण, कोमट बादली आणि गळती अशी चारही लक्षणं एकत्र असताना माझं मत नव्याचंच. मामंजींना सांगा, एलिमेंटपुरते तुम्ही बरोबर होता. खोटं नाही ते.

नवा घेताना सीताबर्डीच्या दुकानात पहिल्यांदा वीजबचतीचे स्टार दाखवतील. स्टार बघा, पण त्याचा अर्थ समजून घ्या. साठवणीच्या गिझरवरचे स्टार हे तापलेलं पाणी नुसतं ठेवलं तर किती उष्णता वाया जाते यावर ठरतात. दिवसभर चालू ठेवणाऱ्याला त्याचा फायदा. तुम्ही सकाळी अर्धा तास लावून बंद करत असाल तर एका स्टारच्या फरकासाठी दोन-अडीच हजार जास्त देणं मला पटत नाही. तेच पैसे टाकी आणि एलिमेंटवर घाला. मिसळलेल्या पाण्याला काचेचा लेप असलेली टाकी, जाड ॲनोड आणि इनकोलॉयचं (सहसा न गंजणारा मिश्रधातू) किंवा काचेचं आवरण असलेलं एलिमेंट हवं. स्टीलची टाकी ऐकायला भारी वाटते, पण खाऱ्या बोअरिंगच्या पाण्यात तिच्या वेल्डिंगच्या रेषेवर बारीक भोकं पडतात. आयएसआय मार्क आणि आयएस २०८२ हा क्रमांक खोक्यावर नाही, प्रत्यक्ष गिझरवर बघायचा. वॉरंटी विचारताना टाकीची किती आणि एलिमेंटची किती हे वेगवेगळं विचारा, कारण मोठा आकडा नेहमी टाकीचा असतो. आठ बार दाब सोसणारा गिझर उंच टॉवरमध्ये राहणाऱ्यांना लागतो. तुमच्या दोन मजली घरात गच्चीवरच्या टाकीचा दाब अर्ध्या बारच्या आसपास, तेव्हा पंप लावलेला नसेल तर त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. माणसं चार-पाच असतील आणि आंघोळी लागोपाठ होत असतील तर २५ लिटर घ्या.

३ लिटरचा इन्स्टंट गिझर सिंकला छान. आंघोळीसाठी ३ किलोवॅटवर मिनिटाला दोन लिटरच्या आसपास धार मिळते, म्हणजे बादलीला सात मिनिटं. डिसेंबरात तेवढा वेळ कुडकुडत उभं राहायला कोण तयार आहे घरात, ते बघा.

गॅस गिझरबद्दल यांना माझा स्पष्ट निरोप द्या : बाथरूमच्या आत नाही. थंडीत आपण खिडकी लावून घेतो, व्हेंटिलेटरला पुठ्ठा ठोकतो. बंद जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. माणूस आंघोळ करता करता खाली बसतो आणि उठत नाही. दरवर्षी हिवाळ्यात अशा बातम्या येतात. लावायचाच तर बाहेर, मोकळ्या हवेत, नळी आत घेऊन. तशी सोय नसेल तर विषय बंद.

बसवून झाल्यावर शेवटची नळी-जोडणी झाली की मेकॅनिक लगेच बटण दाबून ‘लाइट लागला बघा’ म्हणून दाखवतो. दाबू देऊ नका. टाकी रिकामी असताना एलिमेंट तापलं तर पहिल्याच दिवशी जळतं, आणि त्याची वॉरंटी मागायला गेलात तर तुमचीच चूक निघते. आधी गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडा. हवा फसफसत निघून जाईल, धार सलग पडायला लागेल, दोन बादल्या वाहू द्या. मग नळ बंद करा, जोडांवरून कोरडा कागद फिरवा, आणि तो कोरडाच राहिला तर वीज चालू करा.